गुगल करायच्या आधी बोटं मोजा

मध्यंतरी मला रात्री मधेच जाग यायची आणि डावा हात बधिर असायचा. मग तशीच पडल्या पडल्या उजव्या हाताने मोबाइल उचलून "हात बधिर होणे कारणे" असं टाकलं, आणि पहाटे तीनपर्यंत मला पक्षाघात, मेंदूत गाठ आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) असं सगळं होऊन गेलं होतं. तीन आठवडे हाच उद्योग. शेवटी डॉक्टरकडे गेले तर त्यांचा पहिलाच प्रश्न, कुठली बोटं? आणि मला सांगताच येईना! एवढी पानं वाचली पण स्वतःच्या हाताकडे एकदाही धड बघितलं नव्हतं. बघून या म्हणाले, आले परत.

त्या रात्री बघितलं तर करंगळी, आणि अनामिकेची फक्त करंगळीकडची अर्धी बाजू. एकाच बोटाची अर्धी बाजू बधिर, अर्धी ठणठणीत. तर हीच सगळी गंमत होती, कारण अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर बहुतेक वेळा नस मनगटात दबलेली असते आणि करंगळीवाली असेल तर कोपरात, आणि मी कोपर घट्ट दुमडून हात उशीखाली घालून झोपत होते.

म्हणून "गुगल करू नका" वगैरे मी सांगणार नाही, कोणी ऐकत नाही, मी पण ऐकत नाही. फक्त क्रम बदला. आधी शरीराकडे बघा, मग स्क्रीनकडे.

पण त्याच्याही आधी एक. काही गोष्टींत शोधत बसायचंच नाही, थेट इमर्जन्सी. छातीत दाब किंवा दुखणं आणि सोबत घाम, धाप, हात-जबड्यात कळ. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय (ही पक्षाघाताची लक्षणं, यात मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेव्हा "सकाळी बघू" नको). आयुष्यात कधी दुखलं नाही असं अचानक दुखलेलं डोकं. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी. एका पायाची पोटरी सुजून दुखतेय आणि त्यात दम लागायला लागला. पाठदुखीसोबत जांघेत बधिरपणा आणि लघवीवरचा ताबा जाणं. यातलं काही असेल तर वाचणं इथेच थांबवा आणि निघा.

नसेल तर वही घ्या, मोबाइलची नोट्स पण चालेल. कधी सुरू झालं, नेमकं कुठे (एका बोटाने दाखवता येतं की सगळीकडे), किती वेळ टिकतं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, सोबत आणखी काय होतं. आणि नुसतं "दुखतंय" लिहू नका हो, आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत ते वापरा ना. ठणकतंय, टोचतंय, चमक मारते, कळ येते, आग होते, पिळवटतंय, सगळं वेगवेगळं आहे आणि डॉक्टरला त्यातून खरंच काहीतरी कळतं. "चक्कर" तर सगळ्यात फसवा शब्द. खोली गरगर फिरते, की उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? कुशीवर वळलं की मिनिटभर गरगरणं हे बऱ्याचदा कानाच्या आतल्या भागाचं असतं, उठल्यावरची अंधारी बऱ्याचदा बीपी उतरल्याची. नुसतं चक्कर टाकून शोधलंत तर तिन्हीची भेळ समोर येणार आणि तुम्ही त्यातलं सगळ्यात भयंकर निवडणार.

अंगावर काही उठलं असेल तर फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवून म्हणजे आकार कळतो. अंगावर पित्त उठतं तसं वाटत असेल तर एका गांधीभोवती पेनाने गोल करा आणि वेळ लिहा, पित्ताची एक गांध साधारण २४ तासांच्या आत मावळते आणि दुसरीकडे उठते, तीच तिथेच त्याहून जास्त राहिली तर डॉक्टरला मुद्दाम सांगा. आणि कृपा करून घरातली स्टेरॉइडवाली ट्यूब लावू नका, गजकर्ण असेल तर त्याचं रूपच बदलतं आणि मग डॉक्टरला पण पटकन ओळखू येत नाही.

यानंतर जे बहुतेक लोक विसरतात ते, गोळ्या. गेल्या काही महिन्यांत काय नवीन सुरू झालं किंवा डोस बदलला? रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, तोही कधी कधी महिन्यांनी. ॲम्लोडिपिनने (ही पण बीपीचीच) घोटे सुजतात. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) वर्षानुवर्षं घेतलं तर बी १२ जीवनसत्त्व कमी होऊन पायाला मुंग्या येऊ शकतात. केसांसाठीचं बायोटिन तर आजार करत नाही पण थायरॉइडचा रिपोर्ट चुकवू शकतं. सगळ्या पाकिटांचा फोटो काढून ठेवा, सप्लिमेंट आणि काढे धरून. स्वतःहून बंद मात्र काही करायचं नाही.

आता शोधा. "हात बधिर" नाही, "रात्री करंगळी बधिर, हात सरळ केल्यावर जाते" असं. मेडलाइनप्लस (अमेरिकी सरकारची आरोग्याची साइट), एनएचएस (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची), एमएसडी मॅन्युअल या वैद्यकीय संदर्भग्रंथाची सामान्य लोकांसाठीची आवृत्ती, एवढ्या तीन साइट्स पुरतात. आजाराच्या नावाने शोधू नका, नावाने शोधलं की प्रत्येक लक्षण आपल्याला लागू होतं. मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये हेच दाखवलं होतं, साध्या लक्षणावरून सुरू झालेला शोध बघता बघता गंभीर आजारांकडे घसरतो. लक्षणं भरून आजार सांगणाऱ्या साइट्सची पण २०१५ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तपासणी आली होती, २३ साइट्समध्ये बरोबर आजार पहिल्या नंबरवर फक्त ३४ टक्के वेळा. एआय चॅटबॉटला विचारणार असाल तर "मला काय झालंय" न विचारता "डॉक्टर मला कोणते प्रश्न विचारतील" हे विचारा, त्याचा खरा उपयोग होतो.

वेळ ठरवून घ्या, अर्धा तास, दिवसा. रात्री अजिबात नाही. आणि मनाने लॅबमध्ये जाऊन पंचवीस टेस्टचं पॅकेज करून आणू नका, नॉर्मल रेंज बऱ्याचदा अशी ठरवलेली असते की धडधाकट माणसांतले पण पाच टक्के तिच्या बाहेर पडतात, म्हणजे पंचवीसमधली एखादी लाल रंगात येण्याची शक्यता बरीच, आणि मग तुमची झोप उडणार.

डॉक्टरसमोर बसल्यावर सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगा, उठून दारापाशी पोचल्यावर "आणि हो, एक राहिलंच" असं नको. मनात ज्या आजाराची भीती आहे त्याचं नाव घ्या, लाजू नका. आणि निघताना विचारा, काय झालं तर लगेच परत यायचं?

माझा कागद खरं तर एवढाच हवा होता: डावा हात, करंगळी आणि अर्धी अनामिका, तीन आठवडे, फक्त रात्री कोपर दुमडलेलं असताना, सरळ केला की दोन मिनिटांत जातं, ताकद ठीक, बाटलीचं झाकण उघडतं, नवीन गोळी नाही, भीती एमएसची. एक फेरी वाचली असती.