मुलाच्या बॅगेत व्हेप सापडलं? आईबाबांनो, या चुका टाळा

नववी-दहावीतल्या मुलांच्या आईबाबांसमोर व्यसनाचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, "आमचा तसा नाही हो." आणि गंमत म्हणजे बरेचदा तो खरंच 'तसा' नसतो, क्लासला जातो, मार्क बरे आहेत, पाहुणे आले की पाया पडतो, फक्त बाथरूममध्ये हल्ली जरा जास्त वेळ लागतो आणि रूममधून कधीकधी आंब्याचा किंवा मिंटचा वास येतो. आपल्या डोक्यातला व्यसनी अजून तोच आहे, डोळे लाल, कपडे मळके, तोंडाला वास, त्यामुळे समोर बसलेला दिसत नाही. आणि जेव्हा दिसतो तेव्हा पहिल्या तासाभरात आपण असा काही गोंधळ घालतो की पुढचं काहीच आपल्याला कळत नाही.

सिगरेटचा वास शोधत बसणं

व्हेप म्हणजे ई-सिगरेट, आतला द्रव तापवून वाफ ओढायचं बॅटरीवरचं उपकरण. त्याला राख नाही, काडेपेटी नाही, कपड्यांना धुराचा वास नाही. दिसायला पेन ड्राइव्ह, हायलायटर, लिपस्टिक, काहीही. चार्जिंगला लावलेलं असेल तर आपणच उचलून बाजूला ठेवू आणि कळणार पण नाही. म्हणून वासापेक्षा इतर गोष्टी बघा. घरातल्या कुठल्याच वस्तूची वाटत नाही अशी छोटी टाइप-सी पोर्टवाली प्लास्टिकची नळी, तोंडाला लावायच्या टोकावरची रबरी टोपी, सारखी तहान, कोरडा घसा, सुका खोकला, मधेच नाकातून रक्त, आणि दर तासा-दोन तासांनी काहीतरी कारण काढून गच्चीवर किंवा बाथरूमला जाणं. यातलं एकटं काहीच पुरावा नाही हां. खोकला तर पुण्या-मुंबईत धुळीने पण होतो. तीन-चार गोष्टी एकदम जमल्या, शिवाय चिडचिड आणि पैशांचा हिशोब लागत नाही असं झालं तर मग बसून बोलायची वेळ आली समजा.

गांजाची खूण वेगळी, डोळे लाल आणि मग अचानक खूप भूक, बॅगेत डोळ्यात घालायचे ड्रॉप्स आणि रोलिंग पेपर (मुलं गोगो म्हणतात). एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही उत्तेजक नशा, याच्या उलट, झोप नाही, भूक नाही, वजन उतरतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, जबडा सतत घट्ट आवळलेला. पालक याला "परीक्षेचं टेन्शन" म्हणतात, आणि रात्रभर जागतोय म्हणजे अभ्यास करत असेल असं वाटून वर कॉफी करून देतात.

"बंदी आहे ना, मग मिळणार कुठे?"

व्हेपवर बंदी आहेच, २०१९ पासून देशभर. बनवण्या-विकण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. पण गुटख्यावर पण महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि कोपऱ्यावर काय लटकतंय ते आपण रोज बघतो, तेव्हा बंदीच्या भरवशावर राहू नका. मुलांना इन्स्टावर मिळतं, टेलिग्रामवर मिळतं, नाहीतर कुणाचा तरी दादा आणून देतो.

"हे हर्बल आहे आई, यात निकोटीन नाही, हे लीगल आहे" हा डायलॉग तर हमखास येणार. या कायद्यात निकोटीन असो वा नसो, तापवून वाफ ओढायचं इलेक्ट्रॉनिक उपकरण बंदीतच येतं. आणि मुलाकडे एकाऐवजी पाच सापडली तर जास्त काळजी घ्या, कारण काही मुलं स्वतःचा खर्च काढायला दोन-तीन मित्रांना विकतात आणि ती विक्री झाली. कायद्याचा जोर बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं यावरच आहे. हे त्याला शांतपणे सांगा, त्याला बहुतेक माहितीच नसतं.

"नुसती वाफच आहे, सिगरेटपेक्षा बरी"

पाण्याची वाफ नाहीये ती. द्रवात प्रोपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटीन, तेही आता निकोटीन सॉल्ट रूपात, जे घशाला खुपत नाही म्हणून मूल एका बैठकीत सिगरेटमधून जाणार नाही इतकं आत घेऊ शकतं. सिगरेट निदान संपते, हे संपतच नाही, अंथरुणात पडल्या पडल्या चालू राहतं. मेंदूतला 'थांब' म्हणणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, त्यामुळे या वयात सवय लवकर लागते. आणि आत नक्की काय भरलंय हे काळ्या बाजारातल्या मालावर कोण लिहिणार? अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळे फुफ्फुसांना गंभीर इजा होण्याची साथच आली होती, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण हॉस्पिटलमध्ये गेले किंवा दगावले, त्यातले ६८ मृत्यू. मुख्य कारण निघालं गांजाच्या व्हेपमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट. साध्या व्हेपमध्येही आपल्याकडे कोण काय मिसळतं, तपासायला कोणी बसलेलं नाही.

घरातली पुडी विसरणं

आजी मिशरी लावते, काका जेवण झालं की तंबाखू मळतात, बाबा लेकाला म्हणतात "जा रे, खालून एक पाकीट आण", आणि मग त्याच लेकाला व्हेपवरून लेक्चर. मुलं तोंडावर बोलत नाहीत पण हिशोब ठेवतात. तुम्ही ओढत असाल तर लपवण्यापेक्षा सरळ सांगा की मला सुटत नाहीये, म्हणूनच तुला सांगतोय. जाता जाता, बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ दिले तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. टपरीवाल्याला हे ऐकवायला उपयोगी पडतं, आणि लग्नात "घे रे एक पेग, मोठा झालास" म्हणणाऱ्या मामांनाही.

स्टेशनरीच्या कप्प्याकडे दुर्लक्ष

सगळं लक्ष व्हेप आणि एमडीवर, पण व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्यूशन हे कोणी बघत नाही. एम्सच्या केंद्राने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात (अहवाल २०१९ चा) हुंगायच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के होतं आणि मोठ्यांमध्ये ०.५८. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त असलेली ही एकच नशा. आणि ती पहिल्याच वेळेलाही हृदयाचे ठोके बिघडवून जीव घेऊ शकते. रुमालाला किंवा बाहीला केमिकलचा वास, नाका-तोंडाभोवती पुरळ, झोकांड्या, दिसलं तर थांबू नका. घरातल्या झोपेच्या गोळ्या आणि कोडीनवाली खोकल्याची औषधं पण मोजून, कुलपात ठेवा, मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणून जी बदनाम झाली ती अल्प्राझोलाम, चिंता आणि झोपेसाठी देतात ती गोळी, म्हणजे कित्येक घरांत आजोबांच्या डब्यात असणारीच.

सापडल्या दिवशीचा तमाशा

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बॅगेत सापडतं, आई रडते, बाबा ऑफिसमधून येऊन कानाखाली देतात, मोबाईल जप्त, क्लास बंद, मग काकांना फोन, मावशीला फोन, सोसायटीत कुणाला तरी कळतंच, आणि रात्री अकरा वाजता सगळे गोल करून "कोणी दिलं? नाव सांग!" मुलगा काय करेल? कुठलं तरी एक नाव सांगेल, शपथ घेईल, आणि पुढच्या वेळी जास्त हुशारीने लपवेल. तुम्ही व्हेप जप्त केलं खरं, पण माहिती येण्याची एकच वाट होती ती पण बंद केली.

त्याऐवजी त्या रात्री काहीच बोलू नका. खरंच, काहीच नाही. आधी नवरा-बायकोने आपसात ठरवा काय बोलायचं, नाहीतर एक ओरडतो आणि दुसरा पाठीशी घालतो, आणि मूल दोघांच्या मधून निसटतं. मग दुसऱ्या दिवशी जरा निवांत, शक्यतो गाडीत किंवा चालताना, म्हणजे डोळ्यात डोळे घालून बसावं लागत नाही. "बाळा, हे तुझ्या बॅगेत मिळालं. मी चिडले आहे, पण त्याहून जास्त काळजी वाटतेय. कधीपासून चालू आहे, आणि घेतल्यावर तुला बरं काय वाटतं?" हा शेवटचा प्रश्न विचाराच. उत्तर "सगळे घेतात म्हणून" आलं तर वेगळी गोष्ट, "झोप लागत नाही" किंवा "डोकं शांत होतं" आलं तर मुळात काहीतरी दुखतंय आणि नुसतं व्हेप फेकून ते जाणार नाही.

"पोलिसांत देईन" ही धमकी पण नको. उद्या पार्टीत त्याचा मित्र बेशुद्ध पडला तर तो तुम्हाला फोन करायला घाबरेल. उलट आधीच सांगून ठेवा, कुठेही, कितीही वाजता, काहीही झालेलं असो, फोन कर, आधी घ्यायला येईन, बोलू नंतर. श्वास मंद वाटला, फिट आली, उठवून उठत नाही, तर १०८ ला फोन, कुशीवर झोपवा, आणि डॉक्टरांना काय घेतलंय ते खरं सांगा.

गुपचूप लघवीची टेस्ट

मेडिकलमधून किट आणून पोराला बाथरूममध्ये उभं करणं, याने फार काही हाती लागत नाही. साध्या पॅनल किटमध्ये निकोटीन बरेचदा नसतंच (त्याला कोटिनिनची, म्हणजे निकोटीनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाची, वेगळी टेस्ट लागते), हुंगायची नशा कळत नाही, मेफेड्रोन निसटू शकतं, आणि गांजा मात्र सोडून काही दिवस, कधी काही आठवडे झाले तरी दिसतो, म्हणजे ज्याने सोडलंय तोच पकडला जातो. टेस्ट लागलीच तर डॉक्टर ठरवतील, मुलाला सांगून.

सोडताना काय चुकतं

निकोटीन बंद केल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत हळूहळू कमी. या काळात मूल खेकसतं, झोपत नाही, अभ्यासात लक्ष नाही, आणि आपण म्हणतो "बघ, किती उर्मट झालाय". तो उर्मटपणा बराचसा निकोटीनचा आहे. बोर्डाच्या पेपरच्या आदल्या आठवड्यात सोडायला लावू नका, आणि निकोटीनची च्युइंगम मनाने आणून देऊ नका, डॉक्टरांना विचारा. मधे एकदा परत ओढलं तर "सगळं वाया गेलं" नाही, कुठे, कुणाबरोबर, काय झालं होतं ते विचारा, पुढच्या वेळचा बंदोबस्त तिथेच सापडतो.

आणि घाबरून कुठल्याही नशामुक्ती केंद्रात टाकू नका. गाडी पाठवून मुलाला उचलून नेतो म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे अल्पवयीन मुलाला भरती करायचं तर मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालकांपैकी किंवा नेमलेलं कोणीतरी पूर्ण वेळ सोबत राहावं लागतं. "पालकांनी भेटायचं नाही" म्हणाले की तिथूनच परत फिरा. बहुतेक मुलांना भरतीची गरजच नसते, मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशन पुरतं. पुण्यात १९८६ पासूनचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, फोनवर सुरुवात करायची तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, तंबाखू-निकोटीनसाठी १८००-११-२३५६.

सापडलेलं व्हेप रागाच्या भरात कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आत लिथियम बॅटरी असते, दाबली गेली तर पेट घेऊ शकते, ई-कचऱ्यातच द्या. आणि तोपर्यंत घरातल्या लहान भावंडाच्या हाताला लागेल असं ठेवू नका, तो द्रव पोटात गेला तर विषच आहे.