चंदगडहून बेळगावात नांदायला आलात? मतदार नाव असं हलवा

लग्न होऊन किंवा नोकरीसाठी चंदगड, गडहिंग्लजकडून बेळगाव, खानापूर, निपाणीत आलेले बरेच जण इथे नव्याने फॉर्म ६ (पहिल्यांदा मतदार होणाऱ्यांचा अर्ज) भरतात. तिकडचं नाव तसंच राहतं आणि नोंद दुहेरी होते. राज्य बदललं तरी योग्य अर्ज एकच : फॉर्म ८.

१. जुन्या मतदार ओळखपत्रावरचा क्रमांक वापरून निवडणूक आयोगाच्या व्होटर्स पोर्टलवर (voters.eci.gov.in) आपली नोंद शोधा.

२. फॉर्म ८ मध्ये 'निवास बदल' आणि 'मतदारसंघाबाहेर' निवडा. संगणक जमत नसेल तर हाच फॉर्म कागदावर भरून बीएलओकडे (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) देता येतो.

३. इथल्या पत्त्याचा पुरावा जोडा : बँक पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार किंवा वीज-पाणी बिल. बिल मात्र निदान वर्षभराचं लागतं.

४. खरी मेख नावात आहे. इंग्रजीत टाइप केलं की कन्नड अक्षरं आपोआप उमटतात. Mane लिहिलं तर 'माने' की 'मने', Kale लिहिलं तर 'काळे' की 'कले', हे यंत्राला कळत नाही. शेजारच्या कन्नड वाचणाऱ्या वहिनींकडून ती चौकट अक्षर-अक्षर वाचून घ्या, मगच सबमिट करा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही तसंच तपासा.

५. संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. अडलं तर १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन करा.

सावध : नाव दोन्हीकडे ठेवून 'दुसरीकडे नाही' असं लिहून देणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.