आजऱ्याच्या घनसाळचा मऊ भात

कोल्हापूरच्या जेवणाचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर तांबडा आणि पांढरा रस्सा येतो. मात्र त्याच घरात कोणी तापाने आडवे झाले असेल, कोणी लांबच्या प्रवासाहून दमून आले असेल किंवा आषाढात दोन दिवस पाऊस उघडलाच नसेल, तर चुलीवर चढते ते मऊ भाताचे पातेले. काही घरांत त्याला गुरगुट्या भात म्हणतात. दिसायला हा पदार्थ इतका साधा आहे की तो कोणी कोणाला शिकवत नाही, आणि त्यामुळेच तो पुष्कळदा बिघडतो. मी तो शिकलो तो आईचा हात मोडला तेव्हा. सवयीप्रमाणे एकास दोन पाणी घालून, वर थोडे जास्तीचे ओतून मी पहिला भात केला. आबांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "ह्याचं शीत न् शीत मोकळं हाय की रं. ओला झालाय, मऊ कुठं झालाय?" ओला भात आणि मऊ भात यांतला हा फरक नीट कळला तर पुढची सगळी कृती आपोआप सोपी होते.

प्रथम तांदळाविषयी लिहितो, कारण अर्धे काम तिथेच होते. जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला, सह्याद्रीला लागून असलेल्या आजरा तालुक्यात पिकणारा घनसाळ हा आखूड, सुवासिक तांदूळ असून त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मऊ भातासाठी मला तोच सर्वांत योग्य वाटतो. तो न मिळाल्यास इंद्रायणी घ्यावा. तो आंबेमोहोराच्या वंशातला असल्यामुळे त्यालाही वास आणि चिकटपणा दोन्ही आहेत. बासमती मात्र या कामाला घेऊ नये, कारण शिजल्यावर दाणे सुटे राहावेत हाच त्याचा गुण आणि आपल्याला नेमके त्याच्या उलट हवे असते. पुलावासाठी आपण जुना तांदूळ शोधतो, येथे नवा चालतो, किंबहुना नवाच अधिक मिळून येतो. फक्त त्याला पाणी वाटीभर कमी लागते. आणखी एक काटकसरीची गोष्ट अशी की अखंड दाण्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे काही कारण नाही. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात घनसाळची कणी मिळते का ते आधी विचारावे. ती स्वस्त पडते, लवकर शिजते आणि तिचा भात अखंड तांदळापेक्षा गुळगुळीत होतो.

वासाच्या बाबतीत एकदा मी फसलो आहे. शहराबाहेरच्या एका दुकानात पोते उघडताच घमघमाट आला, म्हणून मी पाच किलो तांदूळ उचलला. घरी धुताना सगळा वास पाण्याबरोबर मोरीत गेला आणि शिजलेल्या भाताला काहीच उरले नाही. खऱ्या सुवासिक तांदळाचा वास कोरडा असताना मंद असतो आणि उकळीबरोबर वर येतो. त्यामुळे विकत घेताना चिमूटभर दाणे ओलसर तळहातांवर चोळून वास घ्यावा आणि पहिल्या खेपेला किलोभरच आणावा.

चार माणसांच्या रात्रीच्या जेवणासाठी साधारण २०० ग्रॅम तांदूळ मावतील अशी १ वाटी तांदूळ, त्याच वाटीने पाव वाटी मुगाची डाळ, ६ वाट्या पाणी, १ चमचा मीठ आणि साजूक तूप एवढेच साहित्य लागते. डाळ कोरड्या कढईत मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजावी. ती लाल होऊ देऊ नये. तांदूळ दोनदाच आणि हलक्या हाताने धुवावेत. चोळून चोळून पाचसहा पाण्यांनी धुतल्यास वरचे पीठ निघून जाते, आणि भाताला मिळून येण्यासाठी आपल्याला तेच हवे असते. नंतर तांदूळ आणि डाळ अर्धा तास भिजत ठेवावी. भिजलेला दाणा आतपर्यंत पाणी प्यायलेला असल्यामुळे तो बाहेरून फुटून आतून कच्चा राहत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात पाण्याचे आधण ठेवावे. त्यात मीठ आणि अर्धा चमचा तूप घालावे. तुपाने फेस बसतो आणि भात उतू जाण्याचे प्रमाण कमी होते. आधणाला खळखळून उकळी आली की निथळलेले डाळ-तांदूळ वैरावेत आणि पहिली पाच मिनिटे पातेल्यापासून हलू नये. याच वेळात दाणे तळाशी बसून चिकटतात, आणि एकदा तळाला लागलेला भात शेवटपर्यंत करपट वास सोडत राहतो. लांब दांड्याच्या डावाने तळ खरवडत ढवळावे. पुन्हा उकळी आली की आच मंद करून झाकण तिरके ठेवावे आणि पुढची ३० ते ३५ मिनिटे दर पाचसात मिनिटांनी एकदा तळापासून हलवावे. मध्येच पाणी आटले तर वरून घालायचे पाणी कडकडीत असावे. गार पाण्याने उकळी मोडते आणि अर्धवट फुललेला दाणा दडस राहतो.

तांदळातले पिष्ट साधारण ६५ ते ७५ अंशांना पाणी शोषून फुगू लागते. आपण भात उकळत ठेवला की फुगलेल्या दाण्यातून ते हळूहळू बाहेर पाण्यात उतरते आणि पाणीच दाट होते. दाणा आणि पाणी असे दोन वेगळे पदार्थ उरत नाहीत, हाच मऊ भात. माझ्या पहिल्या भातात पाणी जास्त होते, पण ते दाट व्हायला वेळ मिळाला नव्हता. अमुक इतके पाणी घातले की भात मऊ होतोच, असा हिशेब येथे लागू पडत नाही. वेळ द्यावाच लागतो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी साधारण ९८ अंशांवरच उकळते. कुकरच्या आत मात्र तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून घाईच्या दिवशी कुकर वापरायला हरकत नाही. त्यात बाष्पीभवन कमी होत असल्याने ५ वाट्या पाणी पुरते. चार शिट्ट्या झाल्यावर आच बारीक करून पाच मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावू नये. कुकर अर्ध्याहून अधिक कधीही भरू नये, कारण तांदूळ आणि डाळ दोन्ही फेसाळतात आणि तो फेस शिट्टीत अडकतो. कुकरचा भात वाईट होत नाही. पण त्याचा वास स्वयंपाकघरभर पसरत नाही, आणि आजारी माणसाची भूक पुष्कळदा त्या वासानेच चाळवते, म्हणून वेळ असेल तर मी पातेलेच चढवतो.

आता घोटण्याविषयी. शीत चिमटीत धरून दाबल्यावर मध्ये कणी लागली नाही, नुसता लगदा झाला, की पातेले उतरवावे आणि डावाच्या पाठीने भात पातेल्याच्या कडेवर दाबून घोटावा. पंचवीसतीस वेळा डाव फिरला म्हणजे पुरते. रवीने घुसळला किंवा मिक्सरमध्ये फिरवला तर त्याची खळ होते. काही दाणे ओळखू येतील इतपतच तो मोडावा. डावातून सोडलेला भात ताटलीत पडल्यावर क्षणभर ढिगासारखा उभा राहावा आणि मग सावकाश पसरावा. निवताना तो घट्ट होत जातो, म्हणून हवा असेल त्यापेक्षा थोडा सैलच असताना उतरवावा. माणसे हातपाय धुऊन पाटावर बसल्यानंतरच शेवटचे घोटणे करावे. वीस मिनिटे झाकून ठेवलेल्या भाताला साय धरल्यासारखी पापडी येते आणि ती कितीही ढवळली तरी गुठळ्यांच्या रूपात उरते.

एकाच पातेल्यातून प्रत्येकाची वाटी वेगळी निघते, हे या पदार्थाचे मला सर्वांत आवडणारे अंग आहे. आबांना दात नसल्यामुळे त्यांच्या वाटीत अर्धी वाटी गरम पाणी घालून भात आणखी सैल करावा लागतो आणि वर फक्त तूप लागते. आमच्याकडे तूप म्हशीच्या लोण्याचे, पांढरे आणि रवाळ. ते वितळवून न घालता थिजलेलेच वर ठेवावे, म्हणजे वाटी हातात येईपर्यंत ते मध्यभागी विरघळत राहते. वसतिगृहातून आलेल्या लेकीला मेतकूट आणि बाजूला लिंबाचे लोणचे हवे असते. मेतकूट भातात आधीच कालवू नये, घासागणिक वरून घ्यावे, नाहीतर ते पाणी ओढून भात दडस करते. तापातून उठणाऱ्याला पहिल्या दिवशी तूप, मीठ आणि चिमूटभर जिरेपूड एवढेच द्यावे. वर्षाच्या आतल्या बाळासाठी भात काढायचा असेल तर मीठ सुरुवातीला आधणात न घालता शेवटी मोठ्यांच्या वाटीत घालावे. मधुमेह असलेल्या माणसाला असा घोटलेला भात मोकळ्या भातापेक्षा लवकर साखर चढवू शकतो. त्याच्यासाठी डाळीचे प्रमाण तांदळाइतके करावे, वाटी लहान ठेवावी आणि सोबत भाजी असावी.

राहिलेल्या धडधाकट माणसांसाठी लसणाची फोडणी करावी. लहान कढल्यात दोन मोठे चमचे तूप तापवून त्यात अर्धा चमचा जिरे, आठदहा ठेचलेल्या पाकळ्या, चिमूटभर हिंग आणि कढीपत्त्याची पाने घालावीत. पाकळ्यांच्या कडा आधी पारदर्शक होतात, मग त्यांवर बारीक बुडबुडे येतात आणि मग कडा बदामी होऊ लागतात. त्या क्षणीच कढले खाली घ्यावे, कारण तापलेले तूप पुढची अर्धी मिनिट लसूण तळतच राहते आणि गॅसवर लाल झालेला लसूण ताटात येईपर्यंत काळा होऊन कडवट लागतो. ज्यांचे एवढ्यावर भागत नाही त्यांच्यासाठी तव्यावर भाजून मीठ-लसणाबरोबर वाटीने रगडलेला हिरव्या मिरचीचा खरडा असतोच. कोल्हापुरात तो ताटात नसेल तर जेवण झाले असे मानायला निम्मे घर तयार नसते.

भात उरला तर तो रात्रभर ओट्यावर ठेवू नये. शिजवूनही न मरणारे काही जंतूंचे बीज तांदळात असते आणि कोमट, ओल्या भातात ते झपाट्याने वाढते. म्हणून पसरट भांड्यात काढून तो निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी तो घट्ट वडीसारखा झालेला दिसेल. त्यात गरम पाणी घालून पूर्ण वाफ येईपर्यंत उकळल्यास खाता येतो, पण आदल्या रात्रीचा गुळगुळीतपणा परत येत नाही, हे मान्य करावे. त्यापेक्षा १ वाटी भात हाताने मोडून त्यात मावेल तेवढे, सुमारे २ वाट्या, ज्वारीचे पीठ, चिरलेला कांदा, कोथिंबीर, तीळ, मीठ आणि चमचाभर कांदा-लसूण चटणी घालून मळावे. पाणी आधी अजिबात घालू नये. भाताच्या ओलाव्यानेच पीठ बहुतेक भिजते आणि कमी पडल्यास शेवटी हबकाभर पुरते. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये भोक पाडून हे थालीपीठ तव्यावर झाकण ठेवून भाजले की कडेने कुरकुरीत आणि आतून मऊ होते, आणि त्यासाठी आमच्याकडे रात्री मुद्दाम वाटीभर तांदूळ जास्त घेतले जातात.