मासेमारीच्या एका नियमाचा समुद्रावर झालेला परिणाम कसा मोजावा

बडोद्याहून वेरावळचा धक्का रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे. त्यामुळे समुद्राचा अभ्यास किनाऱ्यावरच्यांनीच करावा, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात या कामाचा मोठा भाग आकडेमोडीचा आहे आणि तो घरी बसून होतो. धक्क्यावर वर्षातून चार-पाच फेऱ्या पुरतात, पण त्या कधी आणि कशासाठी करायच्या हे आधी ठरलेले हवे. पुढची रीत प्राणिशास्त्राच्या आणि पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि लहान अभ्यासगटांना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

मोठे मासेमारी बंदर बांधायचे असेल, तर केंद्राच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेनुसार मंजुरी लागते. मात्र जाळ्याची आस, म्हणजे एका भोकाचे माप, किती असावी, बंदीचे दिवस किती, ट्रॉलरने, म्हणजे तळाशी जाळे ओढणाऱ्या बोटीने, किनाऱ्यापासून किती लांब राहावे, या नियमांचे असे मूल्यांकन ती अधिसूचना मागत नाही. समुद्रावरचा मोठा परिणाम तर याच नियमांनी ठरतो. म्हणून हे काम कोणीतरी आपणहून करायला हवे.

प्रश्न एकाच नियमापुरता ठेवा

‘मासेमारीचा पर्यावरणावर परिणाम’ हा विषय घेतला तर अहवाल कधीच पुरा होत नाही. एक नियम, एक बंदर आणि एका प्रकारची बोट निवडा. इथे उदाहरण घेतले आहे ते ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, म्हणजे कॉडएंडला, ४० मि.मी. चौकोनी आस हवी या गुजरातच्या नियमाचे.

नियम कोणाच्या हद्दीतला आहे तेही पहिल्याच पानावर लिहा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, राज्याचा कायदा चालतो. तिथून २०० मैलांपर्यंतचा कारभार केंद्राकडे असतो. बहुदिवसीय ट्रॉलर एकाच फेरीत दोन्ही हद्दींत जाळे ओढतो, हे विसरले की पुढची सगळी आकडेमोड डळमळते.

मग तीन-चार पर्याय मांडा: नियम मुळीच नाही, नियम आज जसा पाळला जातो तसा, नियम पूर्ण पाळला तर, आणि त्याऐवजी दुसरा उपाय, उदाहरणार्थ बंदीचे दिवस वाढवणे. दुसरा पर्याय बरेच जण गाळतात आणि कागदावरचा नियम समुद्रात तसाच पाळला जातो असे धरून चालतात. नियमाचा परिणाम म्हणजे या पर्यायांमधला फरक. ‘आधी आणि नंतर’ एवढीच तुलना केली की पाऊस, वादळ, डिझेलचा भाव सगळे त्या नियमाच्या खात्यात जमा होते.

पायाभूत वर्षे निवडताना

नियमाआधीची किमान तीन आणि नंतरची किमान तीन वर्षे घ्या. २०२० आणि २०२१ पायाभूत म्हणून धरू नका. पहिल्या वर्षी टाळेबंदीने बोटी उभ्या होत्या. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ ऊनाजवळ किनाऱ्यावर आदळले आणि जाफराबाद पट्ट्यात बोटींचे फार नुकसान झाले. त्या दोन वर्षांत समुद्रावरचा ताण कमी होता, त्याचे श्रेय कोणत्याच नियमाला देता येत नाही.

महिन्याची तुलना त्याच महिन्याशी करा. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या हद्दीत १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. बंदी उठल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जाळी भरून येतात, कारण पावसाळ्यात पिल्ले वाढलेली असतात आणि दोन महिने कोणी हात लावलेला नसतो. सप्टेंबरचा आकडा मेशी ताडून ‘साठा सावरला’ असे लिहिणे ही सर्रास होणारी चूक आहे.

तुलनेसाठी नियम लागू नसलेला गटही हवा. ४० मि.मी.चा नियम राज्यभर असल्याने शेजारचे बंदर या कामी उपयोगाचे नाही. त्याच बंदरातल्या गिलनेटच्या, म्हणजे पाण्यात पडद्यासारखे उभे जाळे सोडणाऱ्या, बोटी घ्या. त्यांना कॉडएंडच नसतो, पण हवामान आणि बाजार तोच असतो. तुलना पूर्ण समान होत नाही, तरी मुळीच नसण्यापेक्षा बरी.

जुना संदर्भ हवा असेल तर बडोदेकरांना एक वेगळीच सोय आहे. ओखामंडळ आणि कोडीनार हे बडोदे संस्थानचे भाग होते. जेम्स हॉर्नेल यांनी ओखामंडळच्या समुद्री प्राण्यांवर बडोदे सरकारला दिलेला अहवाल १९०९ साली प्रसिद्ध झाला. यांत्रिक ट्रॉलर येण्याच्या कित्येक दशके आधीचा तो समुद्र आहे. त्यातून टनांचे आकडे मिळणार नाहीत, पण कोणते प्राणी कुठे होते याची नोंद मिळते. हंसा मेहता ग्रंथालयात चौकशी करून पाहावी.

धक्क्यावरचे काम

बडोद्याच्या मासळीबाजारात मासे मोजून हा अभ्यास होत नाही. तिथे अनेक बंदरांचा, निवडलेला आणि बर्फात राहिलेला माल येतो. लहान मासा आणि कुटा, म्हणजे बारीक मिश्र मासळी, तिथपर्यंत पोचतच नाही, आणि नियमाचा परिणाम नेमका त्यातच दिसायचा असतो.

पहाटे धक्क्यावर जा. दहापर्यंत बोटी लागल्या तर सगळ्यांची नोंद घ्या. तीस-चाळीस असतील तर प्रत्येक तिसरी घ्या आणि पहिली कोणती घ्यायची ते चिठ्ठी टाकून ठरवा. ओळखीच्या टंडेलाची (बोट चालवणाऱ्या प्रमुखाची) बोट सोयीची म्हणून निवडली की नमुना तिरपा होतो, कारण जो बोलायला तयार असतो तो बहुतेकदा नियम पाळणाराही असतो. टंडेलाला विचारायचे प्रश्न इतकेच: किती दिवसांची फेरी, दिवसाला किती ओढी (जाळे टाकून ओढण्याच्या खेपा), एक ओढ किती तासांची, किती खोलीवर, डिझेल किती, इंजिन किती अश्वशक्तीचे. गुजरातीत विचारा. आपण मत्स्यखात्याचे तपासनीस नाही हे पहिल्याच वाक्यात सांगा. बोटीचा नंबर वहीत लिहू नका, सांकेतिक क्रमांक द्या. माणसे खरे बोलतात ती या भरवशावर, आणि तो मोडला तर तुमच्या मागून येणाऱ्यांनाही दार बंद होते.

मासे मोजताना प्रत्येक जातीचे १०० ते २०० नग घ्या, क्रेट न निवडता. निवडून वेगळ्या केलेल्या ढिगातून कधीही घेऊ नका. लांबी कुठून कुठपर्यंत घ्यायची हे जातीवर ठरते. राणीमाशाची पूर्ण लांबी चालते. वाकटीची शेपटी तुटते, म्हणून तोंडापासून गुदद्वारापर्यंत मोजा. माकुलाची फक्त आवरणाची लांबी, कोळंबीची पाठीच्या कवचाची. दोन विद्यार्थ्यांनी दोन पद्धतींनी मोजले तर महिनाभराचे श्रम वाया जातात.

कुट्याचा सापळा

कुटा म्हणजे फिशमीलच्या (मासळीच्या पुडीच्या) कारखान्याकडे जाणारी लहान, मिश्र, स्वस्त मासळी. धक्क्यावर कुट्याचा ढीग दिसतो आणि तोच फेरीचा सगळा कुटा आहे असे वाटते. दहा दिवसांच्या फेरीत सुरुवातीच्या दिवसांतला कुटा बहुधा समुद्रातच टाकून देतात, कारण बर्फ आणि जागा महागड्या मासळीसाठी लागते. शेवटच्या एक-दोन दिवसांचाच कुटा किनाऱ्याला येतो. समजा, फेरी ४० ओढींची झाली आणि ढीग शेवटच्या ८ ओढींचा आहे. तर ढिगाला ५ ने गुणल्याशिवाय खरा अंदाज येत नाही. म्हणून ‘हा कुटा कितव्या ओढीपासूनचा?’ हा प्रश्न प्रश्नावलीत हवाच. निदान तीन-चार फेऱ्यांना परवानगीने कोणी बोटीवर गेले तर हा गुणक पडताळून घेता येतो. कुटा निवडणाऱ्या बायकांना त्यातली जात न् जात ठाऊक असते. ओळख अडली तर ग्रंथाआधी त्यांना विचारा.

जाळे खरोखर ४० मि.मी.चे आहे का

नवे, कोरडे जाळे मोजू नका. ओले, वापरातले घ्या. कडेच्या शिवणीपासून आणि दोरापासून तीन आसा सोडून सलग २० आसा मोजा. आस ताणून गाठीच्या आतल्या बाजूपासून समोरच्या गाठीच्या आतल्या बाजूपर्यंत पाचरीसारख्या मापकाने मोजायची. चौकोनी आसेत दोन्ही कर्णांच्या दिशांनी ताणून जे माप मोठे येईल ते धरा, मग वीसांची सरासरी काढा.

चौकोनी आसेचा आग्रह का, हेही समजून घ्यावे. नेहमीच्या हिऱ्याच्या आकाराच्या आसा माल भरल्यावर ओढीने मिटतात, त्यामुळे कागदावर ४० असूनही पिल्लू निसटत नाही. चौकोनी आस भाराखालीही उघडी राहते. चपट्या माशांना मात्र तिचा तितका फायदा होत नाही. आणि आतून बारीक आसेचे दुसरे जाळे लावले असेल तर बाहेरची आस कितीही मोठी असो, उपयोग शून्य. तेवढे हात घालून पाहाच.

किती मासा निसटतो हे कॉडएंडवर बारीक जाळ्याचे आवरण चढवून कळते. आत राहिलेले आणि आवरणात सापडलेले मासे लांबीनुसार वेगळे मोजा. ज्या लांबीला निम्मे आत आणि निम्मे बाहेर, ती त्या जाळ्याची निवडलांबी. ती लांबी मासा पहिल्यांदा अंडी घालण्याजोगा होतो त्या लांबीपेक्षा कमी असेल, तर त्या जातीपुरता नियम अपुरा आहे. आवरण कॉडएंडला चिकटले की आसा झाकल्या जातात आणि निकाल खोटा येतो, म्हणून कड्या लावून ते दूर धरावे लागते. निसटलेला प्रत्येक मासा जगतो असेही नाही. खवले गेलेले बरेच नंतर मरतात.

धक्क्यावरच्या लांबीच्या आकड्यांवरून थेट निष्कर्ष काढू नका. एखाद्या वर्षी पिल्लांचे पीक चांगले आले तर नियम उत्तम पाळूनही जाळ्यात लहान मासा वाढलेला दिसतो.

वाचलेले पिल्लू आणि खरवडलेला तळ

आस मोठी केली की मासा निसटतो, मिळकत घटते आणि टंडेल ती भरून काढायला जास्त तास ओढतो. म्हणजे पिल्ले वाचतात, पण समुद्राचा तळ जास्त खरवडला जातो आणि डिझेलही जास्त जळते. हे तिन्ही एकत्र मांडल्याशिवाय मूल्यांकन पुरे होत नाही, आणि बहुतेक अहवाल पहिल्यावरच थांबतात.

तळाचा हिशेब असा. जाळ्याच्या वरच्या दोराची लांबी समजा ३० मीटर. पाण्यात जाळ्याचे तोंड साधारण त्याच्या निम्मे उघडते, म्हणजे १५ मीटर. वेग ३ नॉट, म्हणजे ताशी ५.५६ किलोमीटर. तीन तासांच्या ओढीत १६.७ किलोमीटर. १५ मीटर गुणिले १६.७ किलोमीटर म्हणजे ०.२५ चौरस किलोमीटर. चाळीस ओढींच्या फेरीत १० चौरस किलोमीटर. हा फक्त जाळ्याच्या तोंडाचा पट्टा आहे. जाळ्याचे तोंड फाकवून धरणारे दोन्ही बाजूंचे पाट आणि दोर याहून रुंद पट्टा खरवडतात, तेव्हा कोणता पट्टा धरला ते लिहा. त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा ओढ जाते, म्हणून हे दहा चौरस किलोमीटर वेगवेगळे नसतात. चिखलाचा तळ लवकर सावरतो. स्पंज आणि प्रवाळ असलेल्या कठीण तळाला फार वर्षे लागतात.

डिझेल त्याच फेरीत ३,००० लिटर लागले आणि मासळी ६,००० किलो आली असे धरू. लिटरमागे सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, एकूण ८,०४० किलो, म्हणजे किलो मासळीमागे १.३४ किलो. तासाचा हिशेब केला तर १२० तासांत ६,००० किलो, तासाला ५० किलो. हा तासाचा आकडा दहा वर्षांपूर्वीच्या आकड्याशी सरळ ताडू नका. इंजिने मोठी झाली, जीपीएस आणि मासे शोधणारी यंत्रे आली. साठा घटत असतानाही तासाची मिळकत टिकून राहू शकते.

निर्बंध घातला की जाळे दुसरीकडे सरकते, तेही तपासा. उपग्रहावरून बोटी दाखवणारे नकाशे घरबसल्या पाहता येतात. रात्रीच्या दिव्यांच्या चित्रांवरून एलईडी लावून होणाऱ्या मासेमारीचाही अंदाज येतो, जिच्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. पण बोटींचे नकाशे ज्याच्या संदेशांवर चालतात ते स्वयंचलित ओळख देणारे यंत्र लहान बोटींवर बहुधा नसते. नकाशा रिकामा दिसला म्हणून समुद्र रिकामा समजू नका.

ज्यांचे आकडेच नाहीत त्या जाती

पाकट, शार्क, घोळ यांच्या साठ्याचे पुरेसे आकडे नसतील तर जोखमीचे गुण द्या. दोन बाजू असतात. पहिली, जात किती लवकर भरून निघते: वय, आकार, पिल्लांची संख्या. दुसरी, ती जाळ्यात सापडण्याची शक्यता. प्रत्येकीला १ ते ३ गुण, ३ म्हणजे जास्त जोखीम. दोन्ही सरासरींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. ३.१८ च्या वर आले तर जोखीम मोठी, २.६४ पर्यंत कमी, मधले मध्यम. २.४ आणि २.५ चे उत्तर ३.४७ येते, १.४ आणि २ चे २.४४. माहिती नसलेल्या रकान्यात ३ लिहायचे, १ नाही. अज्ञानाचा फायदा माशाला मिळावा, जाळ्याला नको. घोळ २०२३ पासून गुजरातचा राज्यमासा आहे. पोटातल्या हवेच्या फुग्यासाठी तिला मोठा भाव मिळतो, म्हणून तिचे गुण विशेष काळजीने द्या.

व्हेल शार्क, कासवे आणि करवतमासा वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. सापडले तर जात, वेळ, ठिकाण आणि जिवंत की मृत एवढी नोंद करा. नमुना घेऊ नका, वनखात्याला कळवा. ही संख्या बोटीमागे न देता ओढींमागे द्या: १,००० ओढींत किती. अशी घटना क्वचित घडते, म्हणून ५० ओढी पाहून शून्य आले त्याचा अर्थ फारसा नाही. कासव सुटण्याची चौकट जाळ्यात बसवलेली आहे का, हेही लिहा. २०१९ पासून अमेरिकेने भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी याच कारणाने घेणे थांबवले, त्यामुळे मालकही याबद्दल बोलायला तयार असतात.

शेवटी पर्याय उभे आणि परिणाम आडवे असा एक तक्ता करा: पिल्ले, कुटा, तळ, डिझेल, संरक्षित प्राणी, मासेमारांची मिळकत. प्रत्येक खान्यात आकडा आणि त्यावर किती भरवसा, हे दोन्ही लिहा. सगळ्यांची बेरीज करून एकच गुण काढू नका. कासव आणि लिटर यांची बेरीज होत नाही. तक्त्याची दोन पानांची गुजराती प्रत छापण्याआधी बंदरावर नेऊन टंडेलांना वाचून दाखवा आणि ओढींचे तास व कुट्याचा गुणक या दोन आकड्यांवर बोट ठेवून विचारा. बहुतेक दुरुस्त्या याच दोन जागी निघतात.