कॅबिनेटचे फॅन कोकलतायत? नवे आणण्याआधी या चुका टाळा

एप्रिल लागला, पारा चाळिशीला टेकला, की नाशिकमध्ये माझ्याकडे एकच तक्रार घेऊन लोक येतात : "दादा, पीसी फार आवाज करतोय." त्यातल्या बऱ्याच जणांनी येण्याआधीच एमजी रोडवरून नवे फॅन आणून बसवलेले असतात. बायोस, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग, मात्र एकदाही उघडून पाहिलेली नसते. पैसे खर्चायची घाई, दहा मिनिटं वाचायचा कंटाळा!

तीन पिनचा फॅन, चार पिनचं हेडर

ही माझी सगळ्यात नावडती चूक. हेडर म्हणजे मदरबोर्डवर फॅनची वायर जोडायची जागा. तीन पिनच्या फॅनचा वेग बदलायचा तर व्होल्टेजच बदलावं लागतं. १२ व्होल्ट दिले की पूर्ण वेग, ७ दिले की निवांत. चार पिनच्या फॅनला १२ व्होल्ट कायम मिळत असतात. चौथ्या वायरीवरून सेकंदाला साधारण २५ हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल येतो आणि त्यात 'चालू'चा वाटा किती, त्यावर फॅनचा वेग ठरतो. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात.

आता गंमत बघा. तीन पिनचा फॅन चार पिनच्या हेडरवर बिनबोभाट बसतो. खाच जुळते, फॅन फिरतो, माणूस खूश. पण हेडर पीडब्ल्यूएम मोडवर असेल तर या फॅनला सिग्नल घ्यायला चौथी वायरच नाही. त्याला मिळतात सरळ १२ व्होल्ट, आणि तो रात्रंदिवस पूर्ण वेगाने पळतो. सॉफ्टवेअरमधली पट्टी किती का खाली ओढा.

पंचवटीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एक जण आहे. आवाजाला कंटाळून त्याने तीन फॅन बदलले. आवाज तसाच. मग खोक्यावर 'सायलेंट' लिहिलेले महागातले तीन आणले, तेही तीन पिनचेच. आवाज तसाच. कुणीतरी सांगितलं, तुझं कॅबिनेटच बोगस आहे. तो माझ्याकडे आला तेव्हा गाडीत नवं कॅबिनेट पॅकबंद होतं. मी बायोसमध्ये गेलो, चेसिस फॅनचा (म्हणजे कॅबिनेटच्या फॅनचा) मोड पीडब्ल्यूएमवरून डीसी, म्हणजे व्होल्टेज बदलणारा, केला, सेव्ह केलं. फॅन खाली उतरले. तो दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिला, मग म्हणाला, "झालं? एवढंच? मग या कॅबिनेटचं काय करू?" परत कर म्हटलं, अजून सील आहे.

आसुसच्या बोर्डात क्यू-फॅन, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन, नावं वेगळी. आत डीसी, पीडब्ल्यूएम आणि ऑटो असे पर्याय असतात. ऑटोवर माझा भरवसा नाही, मी प्रत्येक हेडर हाताने ठरवतो. उलटी चूकही होते : चार पिनचा फॅन डीसीवर ठेवला तर वरच्या वेगात चालतो, खाली आणला की अडखळतो.

एका हेडरवर सहा फॅन

मदरबोर्डचं फॅन हेडर बहुतेक वेळा १ अँपिअरचं, म्हणजे १२ वॉटचं असतं. फॅनच्या मधल्या स्टिकरवर किती अँपिअर ते छापलेलं असतं. बेरीज करायला किती वेळ लागतो? शिवाय सुरू होताना फॅन जास्त करंट ओढतो. सिडकोतल्या एका पोराने स्प्लिटरला (एका हेडरवर दोन फॅन जोडणाऱ्या वायरीला) स्प्लिटर जोडत सहा फॅन एकाच हेडरवर लटकवले. हेडर गेलं, आणि दुकानात जाऊन वॉरंटीसाठी भांडला तो वेगळाच. मी स्वतः एका हेडरवर तीनच्या वर जात नाही. जास्त हवे असतील तर साटा पॉवरवाला हब, म्हणजे अनेक फॅन जोडायचा डबा, घ्या : करंट एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून), सिग्नल बोर्डाकडून.

आणि हो, स्प्लिटरच्या एका टोकाला चार पिना आणि दुसऱ्याला तीनच दिसल्या तर तो तुटका नाही. वेग मोजणारी वायर एकाच फॅनची जोडायची असते, दोघांची जोडली तर बोर्डाला भलतेच आकडे दिसतात. "पिन गायब आहे" म्हणून चांगले स्प्लिटर परत करणारे मी पाहिलेत.

थंडीत लावलेला कर्व्ह

प्रोसेसरचं तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणात वर उडी मारतं. कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला फॅन किती वेगाने फिरवायचा ती रेघ, थेट त्यालाच बांधला तर फॅन दिवसभर वर-खाली, वर-खाली करतात. एकसारख्या आवाजापेक्षा हा जास्त छळतो. बायोसमध्ये 'स्टेप अप टाइम' (वेग वाढवायला घ्यायचा वेळ) असेल तर वाढवा, किंवा कॅबिनेटचे फॅन बोर्डाच्या तापमानावर ठेवा. गेम खेळत असाल तर ग्राफिक्स कार्डच्या तापमानावर. त्यासाठी विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर चांगलं आहे.

दुसरं म्हणजे जानेवारी. नाशिकला रात्री पारा दहाच्या खाली जातो, निफाडला त्याहून खाली. तेव्हा लावलेल्या कर्व्हमध्ये ४५ अंशांवर फॅन चढू लागतात, आणि सगळं झकास वाटतं. मे महिन्यात खोलीच ३६-३७ वर असते. मशीन रिकामं बसलं तरी ४५ च्या खाली येत नाही. मी दोन प्रोफाइल ठेवतो, एक होळीनंतरचं, एक दिवाळीनंतरचं. वेग थोडा उतरवला तरी फरक पडतो : १५०० आरपीएमचा फॅन १२००वर आणला तर हवा वीस टक्के कमी होते, आवाज साधारण पाच डेसिबलने उतरतो.

किमान वेग अंदाजाने ठेवू नका. फॅन बंद पडेपर्यंत खाली न्या, मग पुन्हा सुरू होईपर्यंत वर आणा. सुरू व्हायला जास्त लागतं. त्याच्या थोडं वर थांबा.

बाकीच्या, पटापट

मोलेक्सवर (पॉवर सप्लायच्या चार पिनांच्या मोठ्या प्लगवर) थेट जोडलेल्या फॅनचा वेग बायोसमधून बदलत नाही. शोधत बसू नका.

मोलेक्सच्या पिवळ्या आणि लाल वायरीत फॅन जोडून ७ व्होल्ट काढायचा जुगाड चालतो, पण फॅनचा करंट ५ व्होल्टच्या लाइनमध्ये उलटा ढकलला जातो. मी करत नाही, कुणाला करूनही देत नाही.

एलईडी पट्टीचा डिमर फॅनला लावाल तर गुणगुण ऐकायची तयारी ठेवा.

एआरजीबीचा, म्हणजे फॅनच्या रंगीत लाइटचा, ५ व्होल्टचा प्लग १२ व्होल्टच्या आरजीबी हेडरवर दाबून बसवला तर लाइट गेलेच म्हणून समजा. आधी बोर्डावर छापलेलं वाचा.

'सीपीयू फॅन एरर' आली की ती बंद करून टाकणाऱ्यांना मी हात जोडतो. आधी प्रोसेसरच्या कूलरची वायर सीपीयू फॅनच्या हेडरवर आहे का ते बघा.

एकाच वेळी दोन फॅन सॉफ्टवेअर चालवू नका, दोन्ही एकाच चिपशी भांडतात.

रस्ते खणलेले असतील तेव्हा कॅबिनेटची धूळ अडवणारी जाळी दर पंधरवड्याला काढा, नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. आत ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने फॅन वेडावाकडा पळाला तर बेअरिंग खराब होतं.