मिक्सर बंद पडला? मोटरला दोष देण्याआधी भांडं पाहा

मागच्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या काकू मिक्सर पिशवीत घालून आल्या. डोशाचं पीठ वाटताना तो मध्येच बंद पडला होता. जवळच्या एका दुकानात दाखवला, तर "आर्मेचर गेलंय, नवाच घ्या" असं, म्हणजे मोटरचा आत फिरणारा भागच जळालाय, असं सांगून त्यांना परत पाठवलं. मी मिक्सर उलटा केला. तळाशी एक छोटं लाल बटण बाहेर आलेलं होतं. ते आत दाबलं, प्लग लावला आणि मिक्सर सुरू झाला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मिक्सर त्यांना त्यांच्या आईनं दिलेला होता.

इंदुरात रामबागेत आमच्या गल्लीतले बरेच मिक्सर माझ्या हातून गेलेत, म्हणून खात्रीनं सांगतो की मोटर खरोखर जळणं ही शेवटची शक्यता असते. आपले मिक्सर मुळात दणकट कामासाठीच बनवलेले आहेत. 1963 मध्ये सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरनी 'सुमीत' आणला, तोसुद्धा घरातला परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही म्हणून. ओली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड हे सगळं वाटता येईल अशी मोटर त्यांना हवी होती.

काम सुरू करण्याआधी प्लग सॉकेटमधून काढून बाजूला ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वाड्यांत वायरिंग उलटसुलट झालेलं असतं आणि स्विच बंद असूनही आत करंट राहू शकतो.

मग मिक्सर कसा वागतोय ते नीट ऐका, निम्मं निदान तिथेच होतं. काहीच आवाज नसेल तर सॉकेटमध्ये दुसरं काही लावून पाहा आणि लाल बटण तपासा. ते ओव्हरलोडचं बटण आहे. मोटरवर ताण आला की तेच तिला वाचवतं. भांड्यातलं निम्मं काढा, मोटर दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या आणि मगच बटण दाबा. तरीही ते पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर दाबत बसू नका, कुठेतरी काहीतरी अडकलंय.

काय अडकलंय ते हातानं कळतं. भांडं काढून उलटं धरा आणि खालचा कपलर, म्हणजे मोटरवर बसणारा दातेरी तुकडा, बोटांनी फिरवा. तो लोण्यासारखा फिरायला हवा. जड जात असेल किंवा करकरत असेल तर भांड्याचा बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी, गेलाय. बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. बुश झिजला की पाणी, मीठ, चिंचेचा कोळ हे सगळं थेंबाथेंबानं खाली मोटरच्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, उतरतं. तिथला बुश गंजतो, शाफ्ट जड होतो, आणि तीन महिन्यांनी आपण म्हणतो मोटर गेली. बुश बदलणं मात्र घरी करू नका. तो प्रेसनं सरळ बसवावा लागतो, जरा तिरका बसला तर पातं भांड्याला घासतं. भांडं दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि वॉशरही नवा घालून घ्या.

मोटर घुमतेय पण पातं हलत नाही, खर्रर्र आवाज येतोय आणि ओट्यावर काळा भुगा पडलाय, तर मोटरवरचा कपलर झिजलाय. हे काम घरी आरामात होतं. तळाची पट्टी उघडलीत की बऱ्याच मिक्सरमध्ये शाफ्टच्या खालच्या टोकाला खाच दिसते. तिच्यात पेचकस घालून शाफ्ट धरा आणि वरचा कपलर पक्कडीनं फिरवा. मिक्सर चालताना ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं फिरवला की तो सैल होतो. उलट दिशेनं जोर लावला तर अजून घट्ट बसेल. बऱ्याच कपलरवर बाण कोरलेला असतो, तो आधी बघा.

ठिणग्या जास्त दिसतायत, वेग उतरलाय, मिक्सर मध्येच थांबून थांबून चालतोय? मग कार्बन झिजलेत, म्हणजे फिरत्या मोटरला करंट पोचवणारे छोटे काळे तुकडे. पट्टीचे स्क्रू कधी कधी रबरी पायांखाली लपलेले असतात. आत मोटरच्या दोन बाजूंना दोन कार्बन स्प्रिंगनं दाबून बसवलेले दिसतील. काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, कोणती वायर कुठे ते नंतर आठवत नाही. कार्बन तळहातावर घ्या. काळी पावडर बोटांना लागेल, आणि एका टोकाला तो कम्यूटेटरच्या, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागाच्या, गोलाईसारखा खोलगट घासलेला दिसेल. सहा-सात मिलिमीटरपेक्षा आखूड झाला असेल तर बदला, आणि दोन्ही एकदम बदला. जुना कार्बन खिशात घालून महाराणी रोडला जा. तिथे इलेक्ट्रिकच्या दुकानांत माप जुळवून घेता येतं. जुळवताना लांबी बघू नका, रुंदी आणि जाडी बघा.

कम्यूटेटरची तांब्याची पट्टी काळी पडली असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच पुसा आणि भुगा ब्रशनं काढा. नवे कार्बन बसवल्यावर भांडं न लावता एक नंबरवर मिनिटभर चालवा. सुरुवातीला थोड्या निळसर ठिणग्या दिसतात, त्या चालतात. कम्यूटेटरभोवती आगीचं कडं फिरताना दिसलं, किंवा धूर निघून वार्निशचा करपट वास आला, तर मात्र वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली गुंडाळलेली तार, गेलंय. तिथे घरचं काम संपलं, जाणत्या माणसाकडे द्या.

यातलं काहीच नसेल तर वायर राहिली. मल्टिमीटर, म्हणजे वायर जोडलेली आहे का ते मोजून सांगणारं यंत्र, ओहमवर ठेवा, त्याच्या दोन टोकांत प्लगच्या दोन जाड पिन धरा आणि मिक्सरचं बटण एक नंबरवर ठेवा. काही ओहमचा आकडा यायला हवा. नसेल येत तर वायर मिक्सरमध्ये शिरते तिथे हलवून पाहा. आकडा येत-जात असेल तर वायर तिथेच आत तुटलीय. रोज गुंडाळून ठेवल्यानं ती तिथेच तुटते. तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडा. वायर हलवूनही आकडा आला नाही तर फिरवायचा स्विच तपासून घ्या.

तळाची पट्टी पुन्हा बसवल्यावर, प्लग लावण्याआधी एक तपासणी चुकवू नका. मल्टिमीटरचं एक टोक शाफ्टला आणि दुसरं आळीपाळीनं प्लगच्या दोन जाड पिनांना लावा. काहीही आकडा आला तर मिक्सरला करंट बसू शकतो, लावू नका.

काकूंच्या मिक्सरची मोटर शाबूत होती, तरी मी त्यांचं भांडं पाण्यानं भरून कोरड्या वर्तमानपत्रावर तासभर ठेवलं. उचललं तेव्हा कागदावर बांगडीएवढं ओलं कडं उमटलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या फक्त भांडं घेऊन बुश बदलायला गेल्या.