युरोच्या नोटांचा माग काढताना या चुका टाळा

युरोच्या नोटा १ जानेवारी २००२ रोजी युरोपातील १२ देशांच्या व्यवहारात आल्या आणि त्याच दिवशी ‘युरोबिलट्रॅकर’ हे संकेतस्थळही सुरू झाले. हाती आलेल्या नोटेचे मूल्य, तिच्यावरचा क्रमांक, छपाईचा छोटा संकेत आणि ती जिथे मिळाली ते ठिकाण एवढी माहिती तिथे भरायची असते. तीच नोट पुढे दुसऱ्या एखाद्या सदस्याच्या हाती पडली आणि त्यानेही ती नोंदवली की दोघांना तसे कळते. या जुळणीला छंदिष्ट मंडळी ‘हिट’ म्हणतात. युरोपीय मध्यवर्ती बँकेशी या उपक्रमाचा काही संबंध नाही, तो केवळ हौशी लोकांचा आहे. युरोपच्या सहलीला जाणाऱ्याला हा छंद फुकटात करता येतो, मात्र यातल्या चुका स्वतःहून उघड होत नाहीत. चुकीचा अंक नोंदीत राहून गेला तर ती नोट पुढे कोणाला सापडली तरी आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. त्यामुळे चूक नंतर शोधण्यापेक्षा नोंद करतानाच काळजी घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

पहिले अक्षर म्हणजे देश, असे गृहीत धरणे

सर्वाधिक घोटाळा येथेच होतो, कारण व्यवहारात नोटांच्या दोन मालिका एकत्र फिरत आहेत. २००२ च्या पहिल्या मालिकेत क्रमांकाच्या आरंभी एक अक्षर आणि त्यापुढे ११ अंक असतात. ते अक्षर ज्या देशाच्या मध्यवर्ती बँकेसाठी नोट काढली गेली तो देश सांगते. एक्स म्हणजे जर्मनी, यू म्हणजे फ्रान्स, एस म्हणजे इटली, व्ही म्हणजे स्पेन, पी म्हणजे नेदरलँड्स. २०१३ साली ५ युरोच्या नोटेपासून सुरू झालेल्या आणि २०१९ मध्ये १०० व २०० युरोच्या नोटांनी पूर्ण झालेल्या युरोपा मालिकेत मात्र दोन अक्षरे आणि १० अंक असतात, आणि पहिले अक्षर देशाचे नसून छापखान्याचे असते. म्हणूनच एकट्या जर्मनीत छापलेल्या नव्या नोटांवर एक्स (म्युनिक), डब्ल्यू (लाइपझिग) आणि आर (बर्लिन) अशी तीन निरनिराळी अक्षरे आढळतात.

छपाईच्या छोट्या संकेतात सहा चिन्हे असतात: एक अक्षर, तीन अंक, पुन्हा एक अक्षर आणि शेवटी एक अंक. जुन्या मालिकेत या संकेताचे पहिले अक्षर छापखान्याचे असते, परंतु त्याची यादी क्रमांकातल्या देशाच्या अक्षरांहून वेगळी आहे. क्रमांकात पी म्हणजे नेदरलँड्स, तर छोट्या संकेतात पी म्हणजे म्युनिकचा जर्मन छापखाना. त्यामुळे जुन्या नोटेवर क्रमांक एक्सने आणि संकेत पीने सुरू होत असेल तर त्यात काही चुकलेले नाही; तो ‘सुधारण्याच्या’ भानगडीत पडू नये. युरोपा मालिकेत मात्र ही दोन्ही अक्षरे सारखीच असली पाहिजेत. ती वेगळी दिसली, तर वाचण्यात किंवा भरण्यात चूक झाली आहे असे खुशाल समजावे.

नोटेच्या एकाच बाजूचा फोटो काढणे

घाईत असलेला प्रवासी क्रमांकाचा फोटो काढतो आणि नोट खर्चून टाकतो. क्रमांक मागच्या बाजूला असतो आणि छोटा संकेत पुढच्या बाजूला, त्यामुळे रात्री नोंद करायला बसल्यावर अर्धीच माहिती हाताशी असते. जुन्या मालिकेत हा संकेत प्रत्येक नोटेवर वेगळ्या जागी दडलेला आहे: ५ युरोच्या नोटेवर चित्राच्या डाव्या कडेला, ५० युरोच्या नोटेवर उजव्या कडेला, तर १० आणि २० युरोच्या नोटांवर चक्क एका ताऱ्याच्या आत. तो इतका बारीक असतो की चाळिशी लागलेल्यांनी मोबाइलचा कॅमेरा भिंगासारखा वापरलेला बरा. शिवाय युरोपा मालिकेच्या मागच्या बाजूला पूर्ण क्रमांक आडवा छापलेला असतो आणि त्याचे शेवटचे सहा अंक उभे. या उभ्या तुकड्यालाच पूर्ण क्रमांक समजू नये.

क्रमांक पडताळून न पाहणे

नोटेच्या क्रमांकातच पडताळणीची सोय केलेली आहे. अक्षराच्या जागी इंग्रजी वर्णमालेतले त्याचे स्थान घ्यावे (ए म्हणजे १, झेड म्हणजे २६), त्यात सर्व अंक मिळवावेत आणि बेरजेला ९ ने भागावे. जुन्या मालिकेत बाकी ८ उरली पाहिजे. युरोपा मालिकेत दोन्ही अक्षरे धरून ७. उदाहरणादाखल ‘एक्स ४०१२७३६५९४६’ हा क्रमांक घेऊ. एक्स म्हणजे २४ आणि अंकांची बेरीज ४७, मिळून ७१. ७१ ला ९ ने भागल्यावर बाकी ८ उरते, म्हणजे क्रमांक ठीक आहे. ३ च्या जागी ८ वाचला असता तर हे गणित लगेच फसले असते. मात्र या युक्तीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात: शेजारच्या अंकांची अदलाबदल झाली, किंवा ० च्या जागी ९ पडला, तर बाकी तीच राहते. यावर सोपा उपाय म्हणजे एकाने क्रमांक मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने भरावा.

आधी भरलेल्या नोंदीत चूक आढळली तर तीच नोट नव्याने भरू नये, जुनी नोंदच दुरुस्त करावी.

ठिकाण अंदाजाने भरणे

फ्रान्स, जर्मनी, इटली आणि स्पेन या चारही देशांत टपाल क्रमांक पाच अंकी असल्याने देश चुकला तर तो क्रमांक पाहून चूक ध्यानात येत नाही. एकाच नावाची गावेही आहेत. पॅरिसला लागून असलेले सँ-दनी (९३२००) आणि हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावरचे सँ-दनी (९७४००) ही दोन्ही फ्रान्सचीच आणि दोन्हीकडे युरोच चालतो. चुकीचे निवडले तर नोट हजारो किलोमीटर पलीकडे जाऊन बसते. जर्मनीत फ्रँकफुर्ट दोन आहेत, एक माइन नदीवर आणि दुसरे पोलंडच्या सीमेलगत ओडर नदीवर. विमानतळांचेही तसेच आहे: ॲमस्टरडॅमचा म्हणवला जाणारा स्खिपोल विमानतळ प्रत्यक्षात हार्लेमरमेर या वेगळ्या नगरपालिकेच्या हद्दीत येतो. यावर उत्तम उपाय म्हणजे दुकानाची पावती जपणे, कारण तिच्यावर बहुधा पत्ता आणि टपाल क्रमांक दोन्ही छापलेले असतात. नोंद घरी परतल्यावर केली तरी चालते, ठिकाणाचे टिपण मात्र त्याच दिवशी व्हायला हवे.

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्यांची एक खास चूक म्हणजे येथील मनी चेंजरकडून घेतलेल्या नोटा पॅरिसच्या नावावर घालणे. नोट पुण्यात हाती आली असेल तर नोंद पुण्याचीच करावी. संकेतस्थळ युरो क्षेत्राबाहेरच्या नोंदीही स्वीकारते, आणि माझ्या मते एखादी नोट भारतात येऊन पुन्हा युरोपात गेल्याची नोंद ही पॅरिसच्या दहा नोंदींहून अधिक रंजक आहे.

हिट मिळवण्याची घाई

शेकडो नोटांमागे एखादी जुळणी मिळते, आणि तीही कधी काही वर्षांनी. म्हणून पती-पत्नींनी दोन खाती उघडून एकच नोट दोनदा भरणे, किंवा ओळखीच्या सदस्याच्या हाती मुद्दाम नोट देणे, हे प्रकार टाळावेत. त्यात नोटेचा प्रवास राहतच नाही. नोटेवर संकेतस्थळाचा पत्ता लिहिण्याचा मोहही आवरावा. युरोपात पैशांच्या पेट्या फोडल्यास आतल्या नोटांवर शाई उडवणारी यंत्रणा वापरली जाते आणि डागाळलेल्या नोटा स्वीकारू नयेत असा मध्यवर्ती बँकेचा सल्ला आहे, त्यामुळे शाई लागलेल्या नोटेकडे दुकानदार संशयाने पाहिल्याशिवाय राहत नाही. त्यापेक्षा ५ आणि १० युरोच्या नोटा मागून घ्याव्यात. त्या सुट्या पैशांच्या रूपाने गल्ल्यातून गल्ल्यात फिरतात. मोठ्या नोटा मात्र दुकानातून लवकर बँकेत जातात.

आणखी एक काळजी घ्यावी. रेल्वे स्थानकात किंवा कॅफेच्या टेबलावर नोटा पसरून क्रमांक उतरवत बसू नये, खिसेकापूंना ते आमंत्रणच ठरते. नोंदीसोबत शेरा लिहिताना मुक्कामाच्या हॉटेलचे नावही घालू नये.

सहलीनंतर उरलेल्या नोटा परत करण्यापूर्वी त्या नोंदवल्या आहेत ना, हे पाहावे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला २००० डॉलरच्या मूल्याइतके परकीय चलन नोटांच्या रूपात स्वतःजवळ ठेवता येते आणि त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा अधिकृत मनी चेंजरला द्यावे लागते, तेव्हा नोंदीसाठी सवड भरपूर असते.